अम्मीच्या पायावरची कोळंबी

गेल्या वर्षी रमजानला आठ-दहा दिवस उरले असताना घरातल्या फरशीवर मला ओले डाग दिसले. स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत, एक पाऊल सोडून एक. पाणी सांडलं असेल म्हणून पुसायला वाकलो तर डाग पिवळसर होते. अम्मीला खुर्चीवर बसवून पाय उलटा करून पाहिला. डाव्या अंगठ्याच्या खाली रुपयाएवढी जखम होती आणि तिच्यात एक बारीक खडा रुतलेला होता. अम्मी दोन दिवस त्या खड्यावर चालत होती. तिला कळलंच नव्हतं. अठरा वर्षांच्या मधुमेहाने तिच्या तळव्यांतली जाण केव्हाच नेली आहे. गरम तव्याला हात लागला तर अजून ओरडते, पण पायाखाली काय आहे ते तिला डोळ्यांनीच पाहावं लागतं, आणि डोळ्यांनाही आता कमी दिसतं.

डॉक्टरांनी जखम साफ केली, मेलेली कातडी कापली, हाडापर्यंत गेलंय का म्हणून फोटो काढला. गेलं नव्हतं, अल्हम्दुलिल्लाह. मग औषधांची चिठ्ठी दिली. तिच्यात एक पट्टी होती. पांढरी, पातळ, कापसाच्या लादीसारखी, तळहाताहून लहान. एका पट्टीची किंमत आमच्या घरच्या दोन दिवसांच्या बाजाराएवढी. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचायची खोड आहे. बिस्किटाच्या पुड्यापासून टूथपेस्टपर्यंत काहीही वाचतो, घरातले वैतागतात. या वेष्टनावर लिहिलं होतं, कायटोसान.

मला हसूच आलं. अम्मीने विचारलं, काय झालं रे? म्हटलं, अम्मी, ही पट्टी कोळंबीच्या सालापासून बनवतात.

"कुठल्या सालापासून?"

"कोळंबीच्या. सोलून टाकतो ती."

ती बराच वेळ त्या पाकिटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ती तर आम्ही फेकायचो. मग एवढे पैसे कशाचे?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना लिहिला गेला. उत्तर मला पूर्ण सापडलं असं म्हणणार नाही.

आधी अम्मीचं सांगायला हवं. अब्बा ट्रॉलरवर खलाशी होते. आम्ही रत्नागिरीच्या मिरकरवाड्याजवळ राहायचो आणि अम्मी बंदराजवळच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जायची. 1983 साली मी तिसरीत होतो, तेव्हापासूनचं मला आठवतं. पहाटेच्या नमाजनंतर ती निघायची. ओल्या फरशीवर पाट टाकून बायका ओळीने बसायच्या. समोर बर्फातल्या कोळंबीचा ढीग, डाव्या बाजूला सोललेल्या मालाचं भांडं, उजवीकडे सालं. मजुरी किलोवर. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका, कोळीणी, गावाकडून आलेल्या कुणबी बायका, सगळ्या एकाच ओळीत. बर्फाच्या पाण्याने बोटं पांढरी पडून सुरकुतायची, कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो तो नखाखाली घुसायचा. घुसलेला काटा पिकला की दोन-चार दिवसांची मजुरी जायची. घरी आली की अम्मी चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचं पाणी हाताला चोळायची. वास जायचा नाही. माझ्या दप्तराला, डब्याला, शर्टाला तोच वास. बाकावर माझ्याशेजारी बसायला पोरं कुरकुरायची. अम्मीला मी हे कधी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, तिला माहीत होतं.

सोललेली कोळंबी वजनाने निम्मीच उरते. उरलेलं निम्मं म्हणजे डोकी आणि सालं, शेडच्या मागे ढीग लागायचा. कावळे, कुत्री, माश्या. पावसाळ्याच्या तोंडावर तर त्या बाजूने जाववत नसे. थोडी सालं कोंबड्यांच्या खाद्यासाठी वाळवून जायची, थोडी माडाच्या बुंध्यात खत म्हणून. अम्मीही कधीमधी पिशवी भरून आणायची आणि परसातल्या माडाला घालायची. त्याचे कुणी पैसे घेत नसे. घाण उचलून नेल्याबद्दल उलट मुकादम खूशच असायचा.

आता सालात असतं काय ते सांगतो. वाळलेल्या सालाचे ढोबळमानाने तीन वाटे करा. एक वाटा चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. एक वाटा प्रथिनांचा. आणि उरलेल्या वाट्यात, कुठे पाव तर कुठे त्याहून कमी, कायटिन नावाचा एक लांबलचक धाग्यासारखा पदार्थ. लाकडात जे काम सेल्युलोज करतं ते कोळंबी, खेकडा, झुरळ, टोळ यांच्या कवचात कायटिन करतं. कोळंबीत ते सापडलं असं मात्र नाही. फ्रान्समधल्या नॅन्सी गावात हेन्री ब्राकोनो नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याला 1811 साली ते आळंब्यात मिळालं. पुढे 1859 मध्ये रूजे या दुसऱ्या फ्रेंच माणसाने कायटिन तीव्र अल्कलीत उकळून पाहिलं, तर एरवी कशातच न विरघळणारा तो पदार्थ सौम्य आम्लात विरघळायला लागला. तेच पुढे कायटोसान झालं.

फरक एवढासाच. कायटिनच्या साखळीत प्रत्येक कडीवर अ‍ॅसिटिलचं एक टोपण बसलेलं असतं. कॉस्टिक सोड्यात उकळलं की बरीचशी टोपणं उडतात आणि आतला अमिनो गट उघडा पडतो. आम्लात गेला की हा गट धन भार घेतो. निसर्गातले लांब रेणू बहुतेक ऋण भाराचे किंवा भार नसलेले असतात. धन भाराचा, खाण्यालायक प्राण्यापासून मिळणारा, शरीरात हळूहळू विरघळून जाणारा धागा ही दुर्मीळ चीज. आपल्या तांबड्या रक्तपेशींवर, जिवाणूंच्या भिंतींवर, नाकातल्या शेंबडावर ऋण भार असतो. कायटोसान या सगळ्यांना चिकटतं. त्याची सारी करामत या चिकटण्यात आहे.

अमेरिकेत 2002 साली कायटोसानच्या एका पट्टीला रक्तस्राव थांबवण्यासाठी परवानगी मिळाली आणि नंतर इराक-अफगाणिस्तानातल्या अमेरिकी सैनिकांच्या पिशवीत ती गेली. रक्त गोठायची शरीराची स्वतःची जी साखळी आहे तिच्यावर ही पट्टी अवलंबून नसते. ती रक्तपेशींनाच ओढून घेऊन बूच बसवते. म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही ती चालते. ती कुठल्या युद्धात गेली आणि कुणाच्या बाजूने गेली, यावर माझं मत आहेच, पण ते कोळंबीवर कशाला काढू.

मी हे सगळं वाचून वर्गात सांगितलं, तर बारावीच्या तीन मुली मागे लागल्या, सर, आपण करून बघू. मे महिना होता. बंदर सुरू होतं. एका शेडमधून दोन पिशव्या सालं आणली. फुकट.

सालं धुऊन, वाळवून, जाडसर कुटून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की सोडा वॉटरसारखे बुडबुडे येतात. चुनखडी विरघळते, कार्बन डायऑक्साइड निघतो. तासा-दोन तासांत कडक साल भिजलेल्या कागदासारखं लुळं पडतं आणि आरपार दिसायला लागतं. मुलींना हे फार आवडलं. नंतरचं कुणालाच आवडलं नाही. सौम्य कॉस्टिकमध्ये गरम करून प्रथिनं काढायची असतात, तेव्हा जो वास सुटतो त्याने आमची प्रयोगशाळा तर सोडाच, शेजारचा कॉमर्सचा वर्ग रिकामा झाला. मला मात्र त्या वासात मिरकरवाडा आठवत होता. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो तर एका मुलीने विचारलं, सर, मळमळतंय का? म्हटलं, नाही गं.

खरं काम तिसऱ्या पायरीला. तीव्र कॉस्टिक, जवळपास निम्मं सोडा आणि निम्मं पाणी, उकळीच्या आसपास काही तास. मुलींना लांब उभं केलं. चष्मा, हातमोजे, अंगावर जाड अ‍ॅप्रन घालून मीच ढवळत होतो. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, कॉस्टिक ते खाऊन टाकतो, स्टीलचं लागतं. हे घरी कुणी करू नये, कृपा करून. डोळ्यात एक थेंब गेला तर डोळा जातो.

आणि एवढं करून आमचं फसलं. कायटोसान झालं की नाही याची सोपी परीक्षा म्हणजे ते शंभराला एक भाग अ‍ॅसेटिक आम्ल असलेल्या पाण्यात, म्हणजे पातळ केलेल्या व्हिनेगरसारख्या द्रावणात, विरघळतं का ते बघायचं. आमचे तुकडे भिजलेल्या पोह्यांसारखे तरंगत राहिले. टोपणं पुरेशी उडाली नव्हती. पुन्हा करायचं तर 1 जून उजाडला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. सालं संपली. एखाद्या औषधाच्या कारखान्याने कोळंबीच्या कचऱ्यावर विसंबायचं ठरवलं तर त्याला हे दोन महिने आधी मोजावे लागतील, हे मला तेव्हा कळलं.

ऑगस्टमध्ये परत लागलो. या वेळी जास्त वेळ उकळलं. पिवळट तुकडे निघाले, थोडा वास उरलाच, पण ते विरघळले. पाणी तांदळाच्या पेजेसारखं दाट झालं. मग मुली म्हणाल्या, आता नॅनो.

नॅनो हा शब्द हल्ली फिल्टरपासून फेशियलपर्यंत कशालाही लावतात, म्हणून दोन शब्द. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डोक्यावरचा केस साधारण ऐंशी हजार ते लाख नॅनोमीटर जाड. कायटोसानचे औषध वाहून नेणारे कण शे-दोनशे नॅनोमीटरच्या आसपासचे असतात. अम्मीच्या पायावरची पट्टी नॅनो नव्हती, साधी तंतूंची होती. नॅनो ही त्याच्या पुढची पायरी. आणि ती पायरी आश्चर्य वाटावं इतकी सोपी आहे. 1997 साली स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठात मारिया होसे अलोन्सो यांच्या गटाने ती दाखवली. कायटोसानच्या पातळ द्रावणात ढवळता ढवळता सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. कायटोसान धन, फॉस्फेट ऋण. फॉस्फेटचा प्रत्येक रेणू दोन-तीन ठिकाणी साखळीला पकडतो, साखळी स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि लोकरीच्या बारीक गुंड्यांसारखे कण तयार होतात. उष्णता नको, विषारी द्रावक नको. औषध आधीच त्या पाण्यात असेल तर गुंडीत अडकून बसतं.

आम्ही केलं तेव्हा नितळ पाणी हळूहळू निळसर दुधी झालं. खोलीत अंधार करून लेझर टाकला, तर साध्या पाण्यातून किरण दिसत नव्हता आणि यातून लाल दोरीसारखा आरपार दिसत होता. म्हणजे प्रकाश उधळण्याइतके कण आत होते. ते किती नॅनोमीटरचे, हे सांगायचं यंत्र आमच्या कॉलेजात नाही. मुलींनी वहीत "नॅनोकण तयार झाले" असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावून "अतिसूक्ष्म कण तयार झाल्याचे दिसले" असं लिहायला लावलं. त्या थोड्या रागावल्या.

घरी येऊन अम्मीला सगळं सांगत होतो. ट्रायपॉलिफॉस्फेट हा शब्द तिला काय कळणार म्हणून म्हटलं, एक पांढरी पावडर असते, पाण्यात विरघळते, मासे टिकवायलाही वापरतात. ती ताडकन म्हणाली, "वजनाची पावडर!"

मला क्षणभर काही सुचलं नाही. शेड सुटल्यावर काही वर्षं अम्मी एका गोठवणी कारखान्यात होती. तिथे सोललेली कोळंबी पॅक करण्याआधी एका पांढऱ्या पावडरीच्या पाण्यात बुडवायचे. ती पाणी धरून ठेवते, कोळंबी गोठवताना-वितळताना आक्रसत नाही, दाणा टपोरा दिसतो, आणि अर्थात वजनही भरतं. बायका तिला वजनाची पावडर म्हणायच्या. तीच ती. फॉस्फेटचा हा वापर जगभर चालतो. म्हणजे एकाच शेडच्या मागे सालं कुजत होती आणि पुढे पावडरीची पोती होती, आणि या दोघांना एकत्र आणलं की औषधाचं वाहन बनतं हे स्पेनमधल्या लोकांनी जगाला सांगितलं. अम्मीचे हात दोन्हीत होते.

अलोन्सो यांच्याच गटाने 1999 मध्ये हे कण वापरून सशांना नाकातून इन्सुलिन देऊन पाहिलं होतं आणि सशांची साखर उतरली होती. हे वाचलं त्या रात्री मी अम्मीला इन्सुलिन टोचत होतो. पोटावर जागा शोधावी लागते, रोज टोचून टोचून गाठी झाल्या आहेत. सशांनंतर इतकी वर्षं गेली, आमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये अजून सुईच मिळते. प्रयोगशाळेतला चमत्कार आणि चिठ्ठीवरचं औषध यांत किती अंतर असतं त्याचं हे उदाहरण मी आता वर्गात देतो.

या अंतराबद्दल जरा बोलायला हवं, कारण हल्ली दर आठवड्याला कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, "केळ्याच्या सालीपासून कॅन्सरवर औषध". मूळ बातमी सहसा अशी असते की केळ्याच्या किंवा डाळिंबाच्या सालीचा काढा करून त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं, काढ्यातल्या द्रव्यांनी चांदीचे बारीक कण बनवले आणि त्यांनी काचेच्या बशीतले जिवाणू मारले. यात खोटं काही नाही. पण चांदी चांदीच्या क्षारातून आली, सालीतून नाही. सालीने फक्त मदतनिसाचं काम केलं. आणि ती साल कोणत्या केळ्याची, किती पिकलेली, यावर काढा दर वेळी वेगळा. औषधाला रोज तेच लागतं, तितकंच लागतं. संत्र्याच्या सालीचं प्रकरण मला त्यामानाने जास्त खरं वाटतं. बंद भांड्यात पाण्यासह दीड-दोनशे अंशांवर शिजवली की सालीतला कार्बनच काही नॅनोमीटरचे ठिपके बनून उरतो आणि अतिनील दिव्याखाली निळा चमकतो. हे कार्बन ठिपके पहिल्यांदा 2004 मध्ये अमेरिकेत काजळी साफ करताना योगायोगाने दिसले होते. पेशींच्या आत डोकावायला त्यांचा उपयोग होतो, निदान प्रयोगशाळेत. अंड्याच्या टरफलाचंही आहे, ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, त्यापासून हाडातलं खनिज हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट बनवता येतं. या सगळ्यांत कोळंबीचं साल वेगळं ठरतं ते एवढ्याचसाठी की ते चिठ्ठीपर्यंत पोचलंय.

पोचलंय, पण कशाच्या बदल्यात? आमच्या दोन पिशव्या सालांपासून मूठभर कायटोसान निघालं आणि ते धुता धुता आम्ही बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. आम्लाचं पाणी, कॉस्टिकचं पाणी, प्रथिनांचा चिकट गाळ. आम्ही आम्ल आणि अल्कली एकमेकांत मिसळून, लिटमस लावून, मग ते सांडलं. कारखान्याने तसंच खाडीत सोडलं तर? कचऱ्यापासून औषध म्हणताना हा दुसरा कचरा कुणी मोजत नाही. मला नाही वाटत की हे कारण देऊन थांबावं, किण्वनाने, जिवाणूंकरवी हीच कामं करायचे प्रयत्न चालू आहेत. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या सालापासून कायटिन-कायटोसान काढायच्या पद्धतीवर कितीतरी वर्षांपूर्वी काम केलं आहे. पण अम्मीचा प्रश्न, पैसे कशाचे, याचं निम्मं उत्तर इथे आहे. पैसे पाण्याचे, सोड्याचे, शुद्ध करण्याचे. औषधाच्या प्रतीचं कायटोसान म्हणजे त्यात जड धातू नकोत, प्रथिनांचा अंश नको, जिवाणूंची विषं नकोत, साखळीची लांबी आणि उडालेल्या टोपणांचं प्रमाण दर खेपेला तेच. सालाला त्यात शून्याच्या जवळची किंमत. सोलणारीला तर सालासाठी कधी काही मिळालंच नाही.

मधल्या काळात माझे सासरे मिरजेहून अम्मीला बघायला आले. त्यांनाही मधुमेह, पायाला भेगा. पट्टीबद्दल ऐकून त्यांनी मला बाजूला घेतलं. "मास्टर, ये झिंगे का है बोलते. हमना चलता क्या?"

ज्यांना हा प्रश्न का पडावा हे कळलं नसेल त्यांच्यासाठी. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आम्हाला समुद्रातलं जवळपास सगळं चालतं, खेकड्यापासून कालवांपर्यंत. सासरे हनफी. हनफींमध्ये पाण्यातला फक्त मासाच खायचा, आणि कोळंबी मासा की नाही यावर आलिमांमध्येच दोन मतं. सासरे न खाणाऱ्यांतले. माझ्या लग्नाच्या वलीम्यात कोळंबीचा पुलाव होता आणि मिरजेची अर्धी मंडळी डाळ-भात जेवली होती, तो किस्सा अजून निघतो. मी मुफ्ती नाही, म्हणून त्यांना आमच्या मशिदीतल्या मौलानांकडे नेलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, खाणं वेगळं, लावणं वेगळं. पाण्यातले हे जीव नापाक नाहीत, जखमेवर लावायला हरकत नाही. सासऱ्यांचं समाधान झालं. माझं थोडं कमी झालं, कारण मला पुढचा प्रश्न दिसत होता. हेच कण उद्या गोळीत आले, नाकात फवारले, सुईतून गेले तर?

मौलवींना विचारायचा असा हा एकट्या मुसलमानांचा प्रश्न नाही. आमच्या स्टाफरूममध्ये एक माळकरी सहकारी आहेत, एक जैन मॅडम आहेत. कॅप्सूलचं जिलेटिन कशाचं, हे त्या मॅडम दर वेळी मेडिकलवाल्याला विचारतात आणि त्याला दर वेळी माहीत नसतं. हाडांतलं खनिज अंड्याच्या टरफलापासून करता येतं, माशाच्या खवल्यांपासून आणि गुराच्या हाडांपासूनही. कायटोसान आळंब्या-बुरशीपासूनही करता येतं, तसं ते बाजारात आहे. कचऱ्याला कुळ असतं, आणि ते कुळ शरीरात घ्यायचं की नाही हे ठरवायचा हक्क ज्याचं शरीर आहे त्याचा. शिवाय कोळंबीची अ‍ॅलर्जी असणारे आहेत. ती अ‍ॅलर्जी मुख्यतः प्रथिनांची असते आणि नीट शुद्ध केलेल्या कायटोसानात प्रथिनं उरत नाहीत असं धरलं जातं. पण "धरलं जातं" एवढ्यावर कुणी माझ्या पोराच्या उघड्या जखमेवर काही चिकटवू नये. मूळ कोणतं ते वेष्टनावर लिहा, मोठ्या अक्षरात लिहा, मराठीतही लिहा. बाकी ज्याचं तो बघेल.

अम्मीची जखम भरली. साडेतीन महिने लागले. पट्टीमुळे भरली का? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, पाय जमिनीला टेकू दिला नाहीत आणि साखर आटोक्यात ठेवलीत, म्हणून भरली, पट्टीने मदत केली असेल. मला त्यांचं हे "असेल" आवडलं. रमजानचे रोजे तिचे सगळे चुकले, त्याचं तिला जखमेपेक्षा जास्त वाईट वाटलं. फिदया दिला. आता तिच्यासाठी मऊ तळव्याचे बूट करून आणलेत, रोज रात्री माझी मुलगी आरसा धरून तिचे तळवे बघते.

डिसेंबरात कॉलेजचं विज्ञान प्रदर्शन होतं. मुलींनी आग्रह केला, आजींना आणा. रिक्षाने आणलं. टेबलावर तिन्ही मुलींनी बाटल्या मांडल्या होत्या, साल, लुळं पडलेलं साल, कायटिन, कायटोसान, आणि शेवटी ते निळसर दुधी पाणी. अंधार करून लेझर दाखवला. अम्मी माशाअल्लाह म्हणाली आणि तिचं लक्ष परत चौथ्या बाटलीकडे गेलं. बूच काढायला लावलं, तळहातावर चार तुकडे घेतले, चोळले, नाकाशी नेले.

"डोकी पण टाकलीत काय गो यात?"

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. हो, टाकली होती. पिशवीत जे आलं ते सगळं.

"डोकी टाकायची नाय. कुजायला सुरुवात डोक्यातनं होते. आणि पिवळं पण त्यानंच होतं. आधी डोकी वेगळी, मग सालं. आणि ती पण त्याच दिवशी, बर्फात ठेवलेली. दुसऱ्या दिवशीची नाय घ्यायची."

तिचं बरोबर होतं. कोळंबीचं पचनाचं इंद्रिय डोक्यात असतं, त्यातली द्रव्यं मेल्याबरोबर आजूबाजूचं मांस पचवायला लागतात. मला हे पुस्तकात मिळालं असतं, मी शोधलं नव्हतं. सगळ्यांत धीट मुलीने वही काढली आणि तिच्याशेजारी बाकावर बसली. अम्मी सांगत होती, चालू कोळंबीचं साल पातळ असतं, टायगरचं जाड, करंदीचं तर सोलायलाच परवडत नाही, आणि ती मुलगी एकेक लिहून घेत होती. मी पुढच्या टेबलावर गेलो. तिथे कुणीतरी बटाट्यावर घड्याळ चालवत होतं.